बीटच्या मागची बरणी

डेल्मा चाफिनच्या तळघरात दोनशेच्या वर बरण्या होत्या आणि कुठल्या फळीवर काय आहे हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. वर घेवडा, मध्ये टोमॅटो आणि मका, खाली पीच, आणि अगदी कोपऱ्यात व्हिनेगरमध्ये घातलेलं लाल बीट. बीट त्या घरात कुणालाच आवडत नव्हतं. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "हे कुणासाठी घालतेस गं? सैतान जेवायला येणार आहे का?" रॉस्को कोळशाची धूळ छातीत भरून घेऊन गेला, त्याला अकरा वर्षं झाली. डेल्मा तरी दर उन्हाळ्यात सहा बरण्या बीट घालतच राहिली, कारण बीटच्या मागे कुणी हात घालत नाही.

तिथे मागे एक छोटी बरणी होती. तिच्यात गोळ्या होत्या.

आता लगेच नाक मुरडू नका. आमच्या खोऱ्यात दुखणं थांबवणाऱ्या, अफूसारखी सवय लावणाऱ्या या गोळ्यांनी किती घरं बसली हे आम्हाला बाहेरच्यांनी येऊन सांगायला नको. पण डेल्मा त्यातली नव्हती. सव्वीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात पिठाची पोती उचलली, चारशे पोरांना दुपारचं जेवण घातलं, आणि एका जानेवारीत मागच्या दाराच्या बर्फाळ पायरीवरून गोठवलेल्या कोंबड्यांचं खोकं घेऊन जी पडली ती पाठीवरच. दोनदा ऑपरेशन झालं. पाठीत दोन स्क्रू बसले आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. गोळी घेतली की तिला भांडी घासता येत, चर्चमध्ये तासभर बाकावर बसता येई. गोळीकडून तिची अपेक्षा एवढीच होती.

रोवेना टोलर त्याच स्वयंपाकघरात वाढपी होती. उंच, हाडकुळी, सिगारेट ओढणारी, आणि तोंडाला कुलूप नसलेली. मुख्याध्यापकाच्या ताटात घेवड्याचा डाव ओतताना ती म्हणायची, "खा साहेब, दुपारच्या मीटिंगमध्ये तुमचाही आवाज ऐकू येऊ दे." कोळशाच्या ट्रकने तिची गाडी दरडीवर दाबून चिरडली तेव्हा तिचा खुबा फुटला, आणि मग दोघी एकाच वाटेला लागल्या.

बरणी कशी सुरू झाली ते सांगायला हवं, नाहीतर डेल्मावर अन्याय होईल. पूर्वी तिचा डॉक्टर दुसरा होता. तो कुणालाही, कितीही लिहून देतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. डेल्मा मात्र आपल्यापुरतं पाहत होती. एका मंगळवारी ती गेली तर दाराला कागद चिकटवलेला आणि समोर पोलिसांच्या गाड्या. घरी सात गोळ्या शिल्लक होत्या. त्या संपल्यावर नऊ दिवस ती न्हाणीघराच्या फरशीवर पडून होती. घाम, उलट्या, पाय आपोआप झाडले जायचे. रोवेनाचा डॉक्टर तेव्हा वेगळा होता. ती रोज यायची, पाव कापायच्या फळीवर स्वतःची गोळी सुरीने मधोमध कापायची आणि म्हणायची, "अर्धी तुझी, अर्धी माझी. नवराही असाच वाटून घेतला असता, पण तुझा फार घोरायचा." आठव्या दिवशी तिने डेल्माचे केस बादलीत धुऊन दिले. 

तेव्हापासून ती साठवू लागली. तिच्या आईने खाणीच्या संपात बटाट्यांच्या साली वाळवून ठेवल्या होत्या. डेल्मा त्याच हाडाची. पुढे दोघींना मोठ्या नदीकाठच्या गावात, टायरच्या दुकानाशेजारी, एक नवा दुखण्याचा दवाखाना मिळाला. तिथे करारावर सही करावी लागे. डॉक्टर एकच, औषधाचं दुकान एकच, दुसरी कसलीही नशा नाही. बोलावतील त्या दिवशी येऊन लघवी द्यायची आणि गोळ्या मोजून दाखवायच्या. तपासणीत गोळीचं औषध सापडलंच पाहिजे, आणि त्याखेरीज काही सापडता कामा नये. म्हणून डेल्माने एक पद्धत बसवली होती. महिन्याच्या मध्यावर पाच-सहा दिवस ती गोळी घ्यायचीच नाही, शेक घेत, दात आवळून काढायची. ते तिचे कोरडे दिवस. मग दवाखान्याच्या तारखेआधी तीन दिवस नियमाने घ्यायची, म्हणजे तपासणीत सगळं जिथल्या तिथे. वाचलेल्या गोळ्या बीटच्या मागे जायच्या. ही गोष्ट तिने एकाही माणसाला सांगितली नव्हती, रोवेनालाही नाही.

महिन्यातून एकदा दोघी रोवेनाच्या गाडीतून जायच्या. सव्वा तासाचा रस्ता. नर्स विचारायची, आज दुखणं दहापैकी किती? रोवेनाने डेल्माला पहिल्याच वेळी पढवून ठेवलं होतं, "सहा सांग. आठ म्हणालीस तर म्हणतील हावरी आहे. चार म्हणालीस तर कमी करतील. देव जरी समोर आला तरी सहाच सांगायचं." येताना दोघी पुलापाशी कोबी घातलेले हॉटडॉग खायच्या आणि घरी येऊन आडव्या व्हायच्या.

मग ती फेब्रुवारीतली गोष्ट. बर्फ पडून रस्ता बंद झाला आणि दवाखान्याने तारीख सोमवारवर ढकलली. रोवेनाच्या गोळ्या शुक्रवारी संपल्या. ती गुडघाभर बर्फातून काठी टेकत आली आणि दारातच म्हणाली, "डेल्मा, तीन दे गं. फक्त सोमवारपर्यंत. परत करते."

डेल्माच्या पायाखाली, बरोबर त्याच खोलीच्या खाली, तेव्हा दीडशेच्या वर गोळ्या होत्या. ती म्हणाली, "माझ्या मोजलेल्या आहेत गं. मोजायला बोलावलं तर काय दाखवू?"

"बरोबर आहे तुझं," रोवेना म्हणाली. "मी आपलं विचारलं." आणि कॉफी न घेताच परत गेली. डेल्माने खिडकीतून तिची काठी बर्फात रुतताना पाहिली. एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. खोटं बोलून मैत्रिणीला उपाशी परतवणारी ती काही जगात पहिली नव्हती.

जुलैमध्ये दवाखान्याने सगळ्यांच्याच गोळ्या कमी केल्या, दिवसाला चारच्या तीन. वरून नियम आलाय म्हणाले. डॉक्टरने मान वर करूनही पाहिलं नाही. रोवेनाची झोप उडाली. तिचा चुलतभाऊ व्हर्जिल डोंगरावर, बंद पडलेल्या खाणीने कापून सोडलेल्या सपाटीवर गांजाची चार झाडं लावायचा. त्याने तिला गांजा घालून कढवलेलं लोणी आणून दिलं. मक्याच्या पावाला चमचाभर लावून ती रात्री खायची आणि सकाळपर्यंत गाढ झोपायची.

"तू पण घे," ती डेल्माला म्हणाली. "पाठ दुखायची थांबत नाही, पण ती दुसऱ्या कुणाची तरी आहे असं वाटतं."

"मी नाही बाई. चर्चला काय तोंड दाखवू?"

"चर्चला सांगू नकोस. पाळकाची बायको व्हर्जिलकडून नेते, तिने कुठे सांगितलंय?" मग जरा थांबून म्हणाली, "गंमत बघ. नदीपलीकडे ओहायो राज्यात हेच डॉक्टर लिहून देतो, कार्ड मिळतं. इकडच्या काठावर तुरुंग, तिकडच्या काठावर औषध. आणि कार्ड पाहिजे तर तिथेच राहायला हवं."

ऑगस्टमधल्या एका बुधवारी, सकाळी साडेआठला, रोवेना डेल्माच्या स्वयंपाकघरात धापा टाकत आली. दवाखान्यातून फोन आला होता. दुपारी चारच्या आत लघवी देऊन जा.

"लोणी सापडणार," ती म्हणाली. "तीन आठवडे रोज खातेय."

"मग काय करतील? काढून टाकतील?"

"पहिल्या वेळेला नाही. व्हर्जिलच्या बायकोला ताकीद दिली होती. तीन महिने दर आठवड्याला हजेरी, आणि गोळ्या आठवड्याच्याच मिळणार. डेल्मा, हा खुबा घेऊन मला दर आठवड्याला सव्वा तास जाणं-येणं होत नाही. मरेन मी." मग तिने खिशातून व्हॅनिला इसेन्सची रिकामी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. "उकळून धुतलीय. मला थोडी तुझी दे."

डेल्मा आधी लाजली, मग रागावली, मग दोघी हसायला लागल्या. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी दोन शहाण्या बायका हे करत होत्या. "वास आला तर?" डेल्मा म्हणाली.

"म्हणेन, काल केक खाल्ला. जा लवकर."

डेल्मा बाटली घेऊन न्हाणीघरात गेली. खरं सांगायचं तर तिला तेव्हा बरं वाटत होतं. फेब्रुवारीत नाही म्हटलं होतं, आता हो म्हणते आहे. काहीतरी फिटेल असं तिच्या मनात आलं. तिच्या डोक्यात फक्त गांजा होता. तो तिच्या अंगात नव्हता, देवाशपथ नव्हता. रोवेनाने बाटली ऊब राहावी म्हणून चोळीत खोचली आणि म्हणाली, "एवढ्या वर्षांनी इथे काहीतरी गरम आलं." डेल्माही तिच्याबरोबर निघाली.

अर्धा रस्ता गेल्यावर घाटात कोळशाचा ट्रक पुढे आला आणि गाडी रांगायला लागली. रोवेना गाणं गुणगुणत होती. मध्येच तिने सहज विचारलं, "गोळ्या वेळेवर घेतेस ना गं? तुला काय विचारायचं म्हणा. तू म्हणजे घड्याळ."

आणि डेल्माला आठवलं. तो कोरड्या दिवसांतला पाचवा दिवस होता. शनिवारपासून तिने गोळीला हात लावला नव्हता. त्या बाटलीत गांजा नव्हता तसं गोळीचं औषधही नव्हतं. गांजा सापडला तर ताकीद मिळते; औषध सापडलं नाही तर ते धरून चालतात की बाई गोळ्या विकते. त्याला ताकीद नव्हती. हे करारात जाड अक्षरांत लिहिलेलं होतं आणि दोघींनी त्याखाली सही केली होती.

सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं? "गाडी थांबव, ती बाटली ओतून टाक, स्वतःची दे आणि ताकीद घे." एवढंच. पण रोवेनाने लगेच विचारलं असतं, का? पाच दिवस घेतल्या नाहीस तर त्या गोळ्या कुठे आहेत? केव्हापासून असं करतेस? आणि मग ती फेब्रुवारीवर आली असती.

"घेते ना," डेल्मा म्हणाली.

ट्रक चाळीस मिनिटं पुढून हलला नाही. चाळीस मिनिटं तिला मिळाली होती. ती मनाशी म्हणत राहिली की यंत्राला एवढं बारीक कळत नसेल, की अंगात आधीचं काहीतरी उरलं असेल. दवाखान्याच्या दारात रोवेना उतरली तेव्हा डेल्माने तोंड उघडलंही होतं. रोवेना म्हणाली, "घाबरू नकोस, माझा चेहरा बघ, पाळकासारखा आहे," आणि काठी टेकत आत गेली.

पाऊण तासाने ती बाहेर आली. हातात कागद होता. गाडीत बसून तिने किल्लीसुद्धा लावली नाही.

"काही म्हणजे काहीच सापडलं नाही म्हणे. गोळीचंही नाही. नर्सने विचारलं, कुणाला विकतेस?" तिने कागद गुडघ्यावर सरळ केला. "मी काय सांगणार? माझी नाही म्हटलं तरी बाहेर, माझी आहे म्हटलं तरी बाहेर. आणि माझी नाही म्हटलं तर मग कुणाची? तुझं नाव कशी घेऊ?"

डेल्मा समोरच्या काचेकडे बघत होती.

"यंत्रच खराब असणार," रोवेना म्हणाली. "नाहीतर बाटलीतलं उन्हात बिघडलं असेल."

"असेल," डेल्मा म्हणाली. त्या दिवशी दोघी पुलापाशी थांबल्या नाहीत.

कागदावरचा शिक्का सगळीकडे आधी पोचतो. आसपासच्या तीन जिल्ह्यांत एकही डॉक्टर रोवेनाला दारात उभं करेना. चौथ्या दिवशी तिच्या उरल्यासुरल्या गोळ्या संपल्या आणि ती आडवी झाली. डेल्मा रोज जायची. उकडलेला घेवडा न्यायची, मक्याचा पाव न्यायची, ओली फडकी पिळून कपाळावर ठेवायची. लोण्याने थोडी झोप लागायची, पण पायांचं झाडणं काही थांबेना. रोवेनाला विनोद सुचेनासे झाले ते डेल्माला सगळ्यात भीतीदायक वाटलं. ती आडवी झाल्याच्या तिसऱ्या दिवशी डेल्माने बरणी तळघरातून काढली, टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली, रोवेनाच्या अंगणापर्यंत नेली. मग गाडीतच ठेवली आणि घेवड्याचं भांडं तेवढं घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी बरणी परत बीटच्या मागे गेली. तिला गोळ्यांचा लोभ नव्हता, यावर माझा विश्वास आहे. तिला फक्त रोवेनाच्या डोळ्यांसमोर ती बरणी धरवेना. पण फरशीवर पाय झाडणाऱ्या माणसाला या दोन्हींत काय फरक?

सप्टेंबरमध्ये डेल्मा एकटीच गाडी चालवत दवाखान्यात गेली. तीन दिवस आधीपासून नियमाने गोळ्या घेतलेल्या होत्या. कपातली पट्टी बघून नर्स हसली. "मिस डेल्मा, तुमच्यासारखे सगळे असते तर आमचं काम किती सोपं झालं असतं. आज दुखणं किती?"

"सहा," डेल्मा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. नर्सला वाटलं, पाठीची कळ आली.

ऑक्टोबरच्या मध्याला रोवेनाची मुलगी कॅरल ओहायोतून पिकअप घेऊन आली. आईला ती चिलिकोथीला आपल्या तळमजल्यावर नेणार होती. तिथली रहिवासी झाली की कार्ड मिळेल, कार्ड मिळालं की निदान गांजा तरी रीतसर मिळेल. एकोणचाळीस वर्षांचं घर, मागचा भाजीचा वाफा, सगळं व्हर्जिलच्या हवाली झालं. रोवेना वजनाने निम्मी दिसत होती. ओसरीवरच्या खुर्चीत बसून ती कॅरलला गादी कशी बांधायची ते ओरडून सांगत होती.

डेल्मा पिशवी घेऊन आली. या वेळी तिने पिशवी गाडीत ठेवली नाही. पायऱ्या चढून तिने टॉवेल सोडला आणि बरणी रोवेनाच्या मांडीवर ठेवली.

रोवेनाने बरणी उजेडात धरली. गोळ्या ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"हे काय गं?"

"माझ्या आहेत. साठवलेल्या. तो मंगळवार झाला ना, तेव्हापासून. महिन्याच्या मध्यावर काही दिवस मी घेतच नाही."

रोवेनाने बरणी परत मांडीवर ठेवली. मग तिने विचारलं, "फेब्रुवारीत किती होत्या यात?"

"दीडशेच्या वर."

"आणि त्या बुधवारी? तू बाटली दिलीस तेव्हा?"

"देताना लक्षात नव्हतं. खरंच नव्हतं." डेल्माने कठड्याला धरलं. "घाटात तू विचारलंस तेव्हा आठवलं होतं."

"म्हणजे दवाखान्यात जायच्या आधी."

"आधी."

खाली अंगणात कॅरल दोरी ओढत होती. "आई, एवढी पुरे का गं?" रोवेनाने तिच्याकडे न बघताच म्हटलं, "अजून एक गाठ मार." तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. डेल्मा वाट बघत होती की ती ओरडेल, बरणी अंगणात भिरकावेल, निदान एखादी शिवी हासडेल. शिव्यांना रोवेना कधी कमी पडली नव्हती.

रोवेनाने झाकण फिरवून उघडलं. दोन बोटं आत घातली आणि एक गोळी काढून तळहातावर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. त्या तिने कागदी रुमालाच्या टोकात बांधल्या आणि स्वेटरच्या खिशात टाकल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांना लावायची तसं झाकण पिळून घट्ट लावलं आणि बरणी डेल्माच्या हातात परत दिली.

"मी एवढ्याच मागितल्या होत्या," ती म्हणाली.

मग काठी घेतली, उठली, एक-एक करत पायऱ्या उतरली आणि पिकअपमध्ये कॅरलच्या शेजारी जाऊन बसली. पिकअप ओढ्यावरच्या पुलावरून गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

याला आता दोन वर्षं होतील. डेल्मा गोळ्या वेळेवर घेते, कोरडे दिवस काढत नाही. चिलिकोथीला तीन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही; रोवेनाला कार्ड मिळालं, बरी झोपते, असं व्हर्जिलने सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात डेल्माने बीट घातलं नाही. बरणी तळघरात नसते, स्वयंपाकघराच्या खिडकीत असते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. झाकण रोवेनाने लावलं होतं तसंच आहे.